साभार परत

कवितेचे नाव धारण करणाऱ्या आगगाड्या जगात किती असतील कोण जाणे! आपल्या कोकणात मात्र एक आहे. दादरहून मध्यरात्री सुटून सावंतवाडीला जाणाऱ्या गाडीला २०१७ साली ‘तुतारी एक्सप्रेस’ असे नाव मिळाले, ते केशवसुतांच्या स्मरणार्थ. गेल्या डिसेंबरात मी तिने रत्नागिरीला गेलो. पहाटे गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. हा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. त्यातून बाहेर पडेपर्यंत सामान आवरून होते, चप्पल सापडते आणि रत्नागिरी आलीच असे वाटू लागते.

आमच्या विद्यार्थिदशेत हे सुख नव्हते. कोकण रेल्वे पुरी झाली १९९८ साली. त्याआधी मुंबई गाठायची तर पावसाळ्यात एस. टी. आणि एरवी बोट. बोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर समुद्रात उभी राही आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात. बी. ए. होऊन मी नोकरीसाठी रत्नागिरी सोडली ती अशाच एका पडावातून. माझ्या वळकटीत तेव्हा आमच्या कॉलेजच्या वार्षिकाचा एक अंक होता. त्यावर ‘विद्यार्थी संपादक’ म्हणून माझे नाव छापलेले होते आणि मुंबईत तो दाखवला की कोणीतरी वर्तमानपत्रात घेईल अशी माझी समजूत होती. कोणी घेतले नाही. पुढे बिऱ्हाडे बदलताना अंकही गेला. असो.

या वेळचे निमित्त तोच अंक होता. माझ्या पुतण्याची मुलगी रत्नागिरीला गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात शिकते. म्हणजे १९४५ साली सुरू झालेल्या आमच्याच कॉलेजात. यंदा ती वार्षिकाच्या विद्यार्थी संपादक मंडळात आहे. “आजोबा, तुमच्या वेळच्या अंकाची आठवण लिहून द्या,” असा तिचा फोन आला. मी म्हटले, लिहितो कशाला, येतोच.

घरी पोचलो तेव्हा ती पडवीत संगणक पुढे घेऊन बसली होती. हल्ली साहित्य ई-मेलवर येते, नाहीतर मोबाइलवर. आमच्या वेळी फळ्यावर सूचना लागे आणि प्राध्यापकांच्या खोलीबाहेर एक पत्र्याची पेटी ठेवत. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहावे, स्वीकार-नकार कळवला जाणार नाही, असे सारे त्या सूचनेत असे. तरी लोक दोन्ही बाजूंना लिहीत. पेटीत प्रेमकविता फार निघत आणि त्या टोपणनावाने असत. पण अक्षर ओळखीचे असल्यामुळे टोपणनावाचा काही उपयोग होत नसे. थिबा राजावर दर वर्षी किमान तीन लेख येत. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवला, त्याचा राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. हा इतिहास आमच्या तिन्ही लेखकांना सारखाच पाठ असे आणि तिन्ही लेखांच्या शेवटी राजा खाडीकडे पाहून अश्रू ढाळीत असे.

“अजून येतात?” मी विचारले.

“दोन आलेत,” ती म्हणाली.

चहा घेता घेता मी तिच्या पडद्याकडे पाहिले. कोणा मुलाने आपल्या आजीवर लेख लिहिला होता आणि त्यात जागोजाग तांबड्या रंगात दुरुस्त्या होत्या. आजी ‘व्हाळावर’ धुणे धुवायला जाते असे त्याने लिहिले होते. ‘व्हाळ’ खोडून आमच्या संपादिकेने ‘ओढा’ केले होते. ‘गडगा’ खोडून ‘कुंपणाची भिंत’ केली होती. काम मोठे नीटस होते. चहाचा घोट माझ्या घशाशी अडकला.

“त्याला विचारलंस?” मी म्हटले.

“त्यात काय विचारायचं? शुद्ध तर केलंय.”

हेच उत्तर, याच शब्दांत, मी १९६७ साली दिले असते.

त्याच दिवशी तिच्याबरोबर कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. जुने अंक बांधून ठेवलेले आहेत. कापडी पुठ्ठ्याचा तो खंड तिने काढून दिला. प्रथम नेहमीचे सारे: प्राचार्यांचा फोटो, जिमखान्याचा अहवाल, एन. सी. सी.ची मुले छाती फुगवून उभी. मग मराठी विभाग, आणि त्याच्या शेवटच्या पानावर ती कविता. तिच्याखाली शहरातल्या एका दुकानाची चौकटीतली जाहिरात.

ती माझ्या एका वर्गबंधूची कविता होती. पावसच्या पुढे पूर्णगडची खाडी आहे, मुचकुंदी नदीची. तेव्हा तिच्यावर पूल नव्हता. या मुलाचे वडील तिथे तर चालवीत. तो शहरात एका ओळखीच्या कुटुंबात राहून शिके, वर्गात मागच्या बाकावर बसे आणि फारसा बोलत नसे. एक दिवस वहीचा फाडलेला कागद माझ्या हातात देऊन म्हणाला, “बघ, घेण्यासारखी असली तर.” पेटीत टाकायचाही त्याला संकोच वाटला असावा.

कविता सुकतीवर होती. खाडीचे पाणी उतरले की तर काठापर्यंत येत नाही, मध्येच रुतते. संध्याकाळची वेळ, काठावर एक पोरगा वाट पाहत बसला आहे, आणि वर चांदणे पडू लागले आहे. शेवटच्या चार ओळींत त्याचा बाप एका म्हाताऱ्या उतारूला पाठुंगळी घेऊन गुडघाभर रेंद्यातून काठाकडे येतो आणि पोरगा त्याचे पाय धुतो.

मला कविता आवडली होती, हे खरोखरच सांगतो. म्हणूनच मी ती ‘सुधारायला’ घेतली. ‘सुकती’ हा शब्द मला गावंढळ वाटला. तिथे ‘ओहोटी’ घातली. दोन मात्रा वाढल्या, म्हणून त्याच ओळीतला आणखी एक शब्द काढला. ‘रेंदा’ जाऊन ‘कर्दम’ आला. मात्रा बरोबर जुळल्या म्हणून मी स्वतःवर खूश झालो. मग छापखान्याचा निरोप आला. आमचा अंक राम आळीतल्या एका छापखान्यात खिळे जुळवून छापला जाई. शेवटचा फर्मा बांधायचा होता, आणि पान चार ओळींनी ओसंडत होते. कंपोझिटर म्हणाला, जाहिरात काढा नाहीतर कविता आवरा. जाहिरातीचे पंधरा रुपये आले होते आणि खर्चही झाले होते. मी प्रुफावर शेवटच्या चार ओळींवरून रेघ मारली. कविता आता चांदण्यावर संपत होती, आणि मला वाटले, उलट बरेच झाले! पाय धुणे वगैरे जरा बटबटीतच होते. आमच्या प्राध्यापकांना यातले काही ठाऊक नव्हते. प्रुफे मीच पाहत होतो.

अंक निघाला. तो काही बोलला नाही. नंतर त्याने काही दिलेही नाही. मीही विचारले नाही, कारण परीक्षा आली होती. सत्तावन्न वर्षांत हे मला कधी आठवले नाही असे नाही. पण आठवले की मी म्हणत असे, कॉलेजच्या अंकातली एक कविता, तिचे काय एवढे!

दुपारी नातीने मला मालगुंडला नेले. आरे-वारेच्या किनाऱ्याने आता सुंदर रस्ता झाला आहे. उजवीकडे डोंगर, डावीकडे खाली फेसाळलेला समुद्र, मध्ये सुरूची झाडे. पाहुण्यांना एवढे एक वळण दाखवले तरी रत्नागिरीकराचे कर्तव्य पार पडते. गणपतीपुळ्याला दर्शन घेऊन पुढे मालगुंड. केशवसुतांचे जन्मघर तिथे जपून ठेवले आहे. मधु मंगेश कर्णिकांनी १९९१ मध्ये कोकण मराठी साहित्य परिषद उभी केली. तिच्या पुढाकाराने हे स्मारक झाले आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. अंगण सारवलेले असते. आवारात कविता दगडांवर कोरल्या आहेत. सहलीची मुले त्या मोठ्याने वाचत होती.

ओटीवर टेकलो आणि मनात आले, की हा शाळामास्तर आपल्या कविता पाठवीत असे तरी कुणाकडे? जळगावच्या ‘काव्यरत्नावली’कडे, पुण्यात हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणुकी’कडे. नोकरीपायी खानदेशात, कर्नाटकात भटकायचे आणि कविता टपालात टाकायची. ती कुठे, कशी छापली जाईल ते संपादकाच्या हाती. १९०५ साली हुबळीला प्लेगने ते गेले, तोपर्यंत त्यांचे पुस्तक निघालेले नव्हते. पुढे हरिभाऊंनीच त्यांच्या कविता एकत्र करून छापल्या. त्या घडीपर्यंत केशवसुत म्हणजे काय, तर निरनिराळ्या मासिकांनी त्यांच्या कवितेचे जे काही छापले ते!

आमच्या तरुणपणी आम्हांला अधिक जवळचे होते ते खानोलकर. सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा झालेला नव्हता. तो झाला १९८१ साली. कुडाळला खानावळ चालवणाऱ्या या माणसाची कविता १९५४ मध्ये ‘सत्यकथे’त ‘आरती प्रभू’ या नावाने आली, ही गोष्ट आमच्या पिढीच्या कॉलेजातल्या प्रत्येक लिहिणाऱ्या मुलाला माहीत होती. आपल्याच जिल्ह्यातला, आपल्यासारखाच आडगावचा. ‘सत्यकथे’कडे कविता पाठवायची आणि ‘साभार परत’च्या पाकिटाची वाट पाहायची, हा तर एक धर्मच होता. माझी चार पाकिटे परत आली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाकडून कथा पुनःपुन्हा लिहून घेतात, एकेका शब्दावर पत्रव्यवहार करतात, असे आम्ही ऐकत होतो, आणि संपादक म्हणून मी त्यांचा कित्ता गिरवतो आहे असेच मला वाटत होते. पण ते पत्र लिहीत! ‘इथे असे केले तर कसे वाटते?’ म्हणून विचारीत. पटले नाही तर लेखक कथा परत मागू शके. माझा लेखक माझ्या दोन बाक मागे बसत होता. मला पोस्टकार्डाचाही खर्च नव्हता.

हे मी नातीला मालगुंडच्या ओटीवर सांगितले. ती गप्प झाली. मग तिने फोन काढला आणि त्या व्हाळवाल्या मुलाला लावला. दोन मिनिटे बोलून म्हणाली, “बघा, तो म्हणतो, चालेल ताई, तुम्हाला बरं वाटेल तसं करा.”

“चालेलच म्हणणार तो,” मी म्हटले. “माझा मित्रही म्हणाला असता.”

रत्नागिरीत परत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. टिळक आळीतून, लोकमान्यांच्या जन्मघरावरून चालत गेलो. पुढे १९३१ सालचे पतितपावन मंदिर पाहिले. स्थानबद्धतेतल्या सावरकरांची प्रेरणा आणि भागोजीशेठ कीरांचा पैसा यांतून उभे राहिलेले हे देऊळ सर्व जातींना खुले होते. १८२८ सालापासून चालत आलेल्या नगर वाचनालयाचीही आठवण झाली. ‘सत्यकथे’चा नवा अंक कोण आधी उघडतो यावरून तिथे आमची भांडणे होत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. राम आळीतला तो छापखाना शोधला. सापडला नाही.

“उद्या पूर्णगडला जाऊ,” मी नातीला म्हटले.

त्याचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. तरवाल्याचा मुलगा, शाळेत गुरुजी होता, एवढे सांगितले आणि पावसच्या नाक्यावरच्या चहावाल्याने घर सांगितले. भाट्याचा पूल ओलांडून, पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घेऊन आम्ही पूर्णगडला उतरलो. खाडीच्या मुखावर तो इवलासा किल्ला, खाली वाडी, आणि आता खाडीवर पूल. तर गेली. अंगणात कोकमाच्या साली वाळत पडल्या होत्या आणि झोपाळ्यावर तो बसला होता. केस गेलेले, बाकी तोच.

“काय रे संपादक!” तो म्हणाला. सत्तावन्न वर्षांनी भेटलेला मित्र पहिला शब्द हा बोलला, यावरून मला काय ते कळले.

चहा झाला. प्रकृतीची चौकशी झाली. जिल्हा परिषदेच्या शाळांतून छत्तीस वर्षे नोकरी करून तो निवृत्त झाला होता. “पुढे काही लिहिलंस?” मी विचारले.

“हजेरीपट लिहिले.”

मग मी आणलेली अंकाच्या पानाची झेरॉक्स त्याच्या हातात दिली आणि जे सांगायचे होते ते सांगितले. माफी कशी मागतात हे या वयात नीट जमत नाही. त्याने चष्मा लावून कविता वाचली, मग खालची जाहिरातही वाचली.

“तुला ठाऊक नाही पुढचं,” तो म्हणाला. “अंक घेऊन मी शनिवारी घरी आलो. आईने दिवा जवळ आणला. बाबांना वाचता येत नव्हतं, पण ऐकायला बसले. मी ही वाचून दाखवली. बाबा म्हणाले, ‘ब्येस हाय. कोनाची?’ म्हटलं, माझी. तर म्हणतात, ‘तुजी कशी? आपल्यात ओहोटी कोन बोलतो? आनि तरीवर मानूस खय हाय?’”

मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने म्हटले, “मग तुझ्या हातची प्रत दाखवायची होतीस.”

“ती तुझ्याकडे होती,” तो म्हणाला.

खरेच होते. तो वहीचा कागद मी छापखान्यात दिला होता. जुळवणी झाली की असले कागद तिथल्या आकड्याला टोचले जात आणि पुढे त्यांचे काय होई, ते छापखान्यालाच माहीत.

“ओरडले नाहीत हो ते,” तो नातीकडे वळून म्हणाला. “एवढंच म्हणाले, शिक, पण दुसऱ्याचं आपलं म्हणू नको. चौऱ्याहत्तर साली गेले. मी दोनदा-तीनदा सांगून पाहिलं. ते ‘हां हां’ म्हणत.” आणि झोपाळ्याला पायाने एक झोका देऊन तो हसला. “मेल्या, कर्दम! कर्दम हा ऋषी आहे ना रे?”

आम्ही तिघेही हसलो, पण माझे हसणे काही खरे नव्हते.

मग तो आम्हांला खाडीवर घेऊन गेला. पाणी उतरू लागले होते. जुन्या तरीच्या जागी काठाला थोडे चिरे उरले आहेत. त्याने बोट करून दाखवले: इथपर्यंत भरती, तिथे तर रुतायची, तिथून बाबा माणसे उचलून आणायचे. बायका, म्हातारी माणसे, एकदा नवरी. काठीने त्याने चिखल टोकरला. “हा रेंदा,” तो नातीला म्हणाला. तिने वाकून बोटावर घेतला.

“आजोबा, शेवटच्या चार ओळी आठवतात तुम्हाला?” तिने त्याला विचारले.

“तीन आठवतात. एकीचा अर्धा भाग गेला.”

“मग आमच्या अंकाला द्याल? पूर्ण कविता. या वर्षी. जेवढी आठवते तेवढी.”

“या वयात कॉलेजच्या अंकात?”

“माजी विद्यार्थी म्हणून. मी एक अक्षर बदलणार नाही. बदलावंसं वाटलं तर फोन करीन.”

तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “हिला तू शिकवलंस?” मी मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून, ते माझे मलाच कळले नाही.

घरी परत आल्यावर नातीने फोन पुढे केला, तुम्ही सांगा, मी टाइप करते म्हणाली. त्याने नको म्हटले. आतून एक फुलस्केप आणला, समास सोडला, एका बाजूला लिहायला लागला. हात जरा कापत होता, पण अक्षर गुरुजींचे होते. मध्ये दोनदा थांबला. अर्धी गेलेली ओळ आठवते का पाहिले. आठवली नाही, तेव्हा तिथे जागा सोडली आणि पुढे गेला. नात शेजारी बसून पाहत होती. मी अंगणात जाऊन कोकमाच्या साली उलट्या करीत बसलो.

लिहून झाले. नातीने कागदासाठी हात पुढे केला, तेव्हा त्याने तो झोपाळ्यावर पालथा ठेवला आणि बायकोला हाक मारून दुसरा कागद मागवला.

“थांब पोरी,” तो म्हणाला. “एक प्रत माझ्याकडे राहू दे.”